वायफाय चालत नाही, म्हणजे नेमकं काय?



आपल्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या वर मधुमेह आहे आणि माझ्या खाली ज्ञानेश्वरी. मध्ये हे लॅपटॉपचं वायफाय. पहिल्या रांगेतले काही जण उद्याची जागा आजच धरून बसलेत, हे मला इथून दिसतंय. हरकत नाही.

विषय घरगुती आहे. जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्याखाली रांगायला लागतो. टाकवत तर नाही. कुणीतरी सांगतं, लिनक्स घालून बघ. घालतो. पडदा दिसतो, आवाज येतो, मराठीही नीट उमटतं. पण कोपऱ्यात वायफायची खूणच नाही. मग घरात निकाल लागतो : फुकटचं ते असंच असणार. माझं म्हणणं एवढंच, की या निकालात आरोपी चुकलाय. बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं आणि लिनक्सही. दोघांना जोडणारी माहिती तिसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असते. ते कपाट बाहेरच्या माणसांनी कसं उघडलं, ते आज सांगायचंय.

आधी कार्डाच्या पोटात काय असतं ते बघू. वायफाय कार्ड हा नुसता रेडिओ नाही, त्यात स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो. हवेत दुसरं कुणी बोलत नाही ना हे ऐकायचं, मग आपलं पाकीट सोडायचं, पोच आली नाही तर पुन्हा सोडायचं, ही कामं त्याची. ही पोच २.४ गिगाहर्ट्झवर पाकीट संपल्यापासून अवघ्या १० मायक्रोसेकंदांत निघावी लागते. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर शंभर भानगडींत गुंतलेला. त्याच्याकडून हे होणं नाही. म्हणून कार्डावर वेगळा प्रोसेसर, आणि त्याच्यासाठी वेगळा प्रोग्राम. तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर.

खर्च वाचवायला अनेक कार्डांत हा प्रोग्राम कायमचा भरलेलाच नसतो. वीज गेली की कार्डाची पाटी कोरी. दरवेळी लॅपटॉप सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिमने ती फाइल कार्डात चढवायची. चढवणारा तो ड्रायव्हर. म्हणजे गरज दोन गोष्टींची : ड्रायव्हर, जो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असतो, आणि फर्मवेअरची फाइल, जी डिस्कवर एका ठरलेल्या फोल्डरात असावी लागते. लोक 'ड्रायव्हर नाही' म्हणतात तेव्हा पुष्कळदा ड्रायव्हर असतो, फाइल नसते. आणि ती फाइल वाटायची परवानगी कुणाकडे, हा प्रश्न तंत्राचा नाहीच.

मार्च २००३मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी वायफायसकटचा सेंट्रिनो हा संच आणला आणि वायफाय ही लॅपटॉपमध्ये गृहीत धरायची गोष्ट झाली. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या विंडोजचा ड्रायव्हर देत. कार्डाची माहिती मात्र देत नसत. लिनक्सवाल्यांनी तेव्हा एक इरसाल उपाय काढला, एनडीआयएसरॅपर. विंडोजचाच ड्रायव्हर उचलायचा आणि आपण विंडोजमध्येच आहोत असं त्याला भासवायचं. हे चालायचंही. पण कर्नलच्या आत असा एक पाहुणा शिरलेला, की त्याच्या पोटात काय आहे हे कुणालाच दिसत नाही. संगणक कोसळला तर कर्नलचे लेखक म्हणत, त्या पाहुण्याला आधी बाहेर काढा, मग तक्रार करा. रास्तच होतं ते.

सगळ्यात हट्टी कपाट ब्रॉडकॉमचं. आणि त्याची किल्ली सापडली भलतीकडेच. लिंक्सिस कंपनीने २००२च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. २००३मध्ये जिज्ञासू लोकांच्या लक्षात आलं, की याच्या आत लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना म्हणतो, लिनक्स घालून वस्तू विकलीत तर त्याचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्या. लोकांनी मागितला, कंपनीला द्यावा लागला. वायफायचा भाग ब्रॉडकॉमचा, तो तेवढा बंदच राहिला, नुसता यंत्रभाषेत. पण बघा गंमत. लॅपटॉपवाल्यांना लिनक्सचा ड्रायव्हर मिळत नाही, आणि राउटरमध्ये त्याच कंपनीचा लिनक्सचा ड्रायव्हर घरोघरी विकला जातोय!

मग काही जणांनी तो यंत्रभाषेतला ड्रायव्हर उलगडायला घेतला. पद्धत ऐकण्यासारखी आहे. त्यांनी आपले दोन गट पाडले. पहिल्या गटाने यंत्रभाषा वाचायची आणि साध्या वाक्यांत टिपण करायचं : या रजिस्टरमध्ये अमुक आकडा लिहितात, मग इतका वेळ थांबतात, मग त्या रजिस्टरमधून वाचतात. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर डोळ्यांनीही पाहायचा नाही. फक्त टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. हे सोवळं कायद्यासाठी. लिहिलेल्या प्रोग्रामवर कॉपीराइट असतो. यंत्र कसं वागतं या माहितीवर नसतो. टिपणात कित्येक आकडे असे, की ते का लिहायचे हे कुणालाच माहीत नाही. लिहिले की रेडिओ जागा होतो, एवढं खरं. मला विचाराल तर ही आपल्या काळातली एक मोठी विद्वत्ता आहे. तिच्यावर कुणी पदवी देत नाही, हा भाग वेगळा.

हा ड्रायव्हर जून २००६मध्ये, कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. पुढे तो नव्याने रचला गेला आणि जानेवारी २००८च्या २.६.२४मध्ये बी४३ या नावाने स्थिरावला. मधल्या काळात, २००७च्या एप्रिलात, एक भांडणही झालं. ओपनबीएसडी ही दुसरी मुक्त सिस्टिम. तिच्यातल्या एकाने या ड्रायव्हरचे तुकडे आपल्या कोडमध्ये घेतले आणि जाहीर साठ्यात ठेवले. परवाने वेगळे, जुळत नाहीत. आरोप-प्रत्यारोप झडले, शेवटी त्याने तो ड्रायव्हरच काढून टाकला. कंपनी राहिली बाजूला. मुक्तवाले आपसांत लढले. महाराष्ट्रातल्या संस्थांचा अनुभव असणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

ड्रायव्हर झाला, तरी फर्मवेअर ब्रॉडकॉमचंच. ते वाटायची परवानगी नाही. तोडगा असा, की एक छोटा प्रोग्राम लिहिला, एफडब्ल्यूकटर. तुमच्याच लॅपटॉपवर कंपनीचा बंद ड्रायव्हर उतरवायचा आणि हा प्रोग्राम त्याच्यातून फर्मवेअरचे तुकडे कापून काढतो. म्हणजे वाटलं कुणीच नाही. ज्याने त्याने आपल्या घरी कापलं.

कंपन्या इतक्या का अडून बसतात? स्पर्धा, पेटंट हे आलंच. पण त्यांचं आवडतं उत्तर रेडिओच्या नियमांचं. कार्ड किती ताकदीने, कोणत्या चॅनलवर बोलेल हे सॉफ्टवेअर ठरवतं. ते उघडं केलं तर लोक नियम मोडतील. या उत्तरात तथ्य आहे, पण थोडंच. नियम देशागणिक बदलतात. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५मध्ये परवान्यातून मोकळा झाला आणि १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत ११पर्यंतच. अमेरिकेतून मुलीने आणलेल्या लॅपटॉपला घरचा राउटर दिसत नाही आणि शेजाऱ्याचा दिसतो, तेव्हा घरचा राउटर १२ किंवा १३वर आहे का ते पाहा. कार्डातच अमेरिकेचा शिक्का असतो. राउटर ११च्या खाली आणला की काम झालं. लिनक्सला बोल लावायचं कारण नाही. लिनक्समध्ये तर देशोदेशींच्या नियमांची उघडी यादी असते आणि ड्रायव्हर ती पाळतो. उघडं असूनही नियम पाळता येतात, हे त्यांनी करून दाखवलं.

हवा पालटली २००८मध्ये. अथेरॉसने आपल्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर, एटीएच९के, स्वतःच खुला दिला. सप्टेंबर २०१०मध्ये ब्रॉडकॉमनेही दिला, पण तेव्हाच्या नव्या चिपांसाठी. जुन्यांना काही नाही.

आता तुमच्या लॅपटॉपकडे. टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय ही आज्ञा द्या, पुढे एनएनके हा पर्याय जोडून. नेटवर्कच्या ओळीत चौकटी कंसात दोन आकडे दिसतील. पहिला कंपनीचा : १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. दुसरा चिपचा. लॅपटॉपवरचं स्टिकर, खोक्यावरचं नाव, दुकानदाराचं आश्वासन, सगळं विसरा. हे दोन आकडे कागदावर उतरवा आणि जे काही शोधायचं ते त्यांच्यावरून शोधा. खालच्या ओळीत ड्रायव्हर लागलाय का तेही कळतं. मग आरएफकिल लिस्ट. कार्ड नुसतं बंद ठेवलेलं आहे का, हे ती सांगते. 'हार्ड ब्लॉक्ड : येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण सरकवा. हसू नका. त्या बटणाने भल्याभल्यांच्या रात्री खाल्ल्यात.

तरीही नाही चाललं तर डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी. अमुक फाइल सापडली नाही, असं ती नाव घेऊन सांगते. बी४३ची तऱ्हा तर अशी, की फाइल नसली तर तो रोजनिशीत एका संकेतस्थळाचा पत्ता लिहितो आणि म्हणतो, तिथे जाऊन उतरवा. ज्याला इंटरनेटच नाही त्यालाच हा सल्ला! यावर उपाय मोबाइलचा : चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क वाटतो. फर्मवेअरची भानगड नाही.

आणि फाइल आहे, बाहेरून घेतलेला ड्रायव्हर बसवलाय, तरी तो चढत नसेल तर सिक्युअर बूट पाहा. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. असा बाहेरचा ड्रायव्हर कर्नल बदलला की नव्याने बांधावाही लागतो. म्हणूनच काल चालणारं वायफाय अपडेटनंतर आज चालत नाही.

डेबियन ही लिनक्समधली तत्त्वाला कडवी मंडळी. बंद फर्मवेअर आमच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नको, हा त्यांचा जुना आग्रह. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी सभासदांचं मत घेतलं आणि आग्रह सोडला. जून २०२३मधल्या १२व्या आवृत्तीपासून ही फर्मवेअरं इन्स्टॉलरमध्येच येतात. मला हा निर्णय पटतो. नवख्या माणसाला उंबऱ्यावरच परत पाठवून कुठलं स्वातंत्र्य वाढतं? इंटेल, रिअलटेक, अथेरॉस यांची बहुतेक कार्डं आता पहिल्याच फटक्यात लागतात.

पण १४ई४ आणि ४३१५ असे आकडे निघाले, तर तुमच्याकडे बीसीएम४३१२ आहे, २००९च्या आसपासच्या पुष्कळ लॅपटॉपांत बसवलेलं. त्याचं फर्मवेअर त्या इन्स्टॉलरमध्येही नाही, कारण ते वाटायला डेबियनला परवानगी नाही. त्यासाठी आजही फोनची केबल लावायची, फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज मागवायचं आणि एफडब्ल्यूकटरकडून आपल्या घरी ते कापून घ्यायचं.