झोपेत दात खाता? मग इम्प्लांटच्या आधी हे ऐका



शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला आता बचत गटात दातांच्या खर्चासाठीही कर्ज मागितलं जातं. मागच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी दाढेच्या इम्प्लांटसाठी अर्ज दिला. त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "ही रात्रभर करकर दात खाते, नवीन दाढ टिकेल का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न अगदी खरा होता.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटेनियम धातूचा छोटा स्क्रू. स्वीडनमध्ये १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. काही महिन्यांत हाड स्क्रूला घट्ट धरतं. मग त्यावर दाताची कॅप बसते.

आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची एक पातळ गादी असते, जेमतेम पाव मिलिमीटरची. भाकरीत खडा आला की आपण चावता चावता थांबतो, ते या गादीमुळे. इम्प्लांटला ती गादी नसते. दाब सरळ स्क्रूवर आणि हाडावर जातो, आणि तो किती पडतोय हे नीट कळतही नाही. झोपेत दात खाणाऱ्यांची कॅप तडकते, स्क्रू ढिला होतो, कधी इम्प्लांटच मोडतो.

आपण दात खातो हे आपल्याला ठाऊक नसतं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. सकाळी जबडा आखडतो का, कानशिलं दुखतात का, दात झिजून सपाट झालेत का, ते बघा. "जंत झाले असतील" म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या माणसांत मनावरचा ताण, झोपेत श्वास अडकणं, तंबाखू, दारू, काही आजारांच्या गोळ्या यांचाही संबंध असतो. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

मग दात खाणाऱ्या बाईने इम्प्लांट करूच नये का? तसं नाही. पण डॉक्टरांना आधी सांगायला हवं. मग ते इम्प्लांट किती आणि कुठे बसवायचे, कॅपचा आकार कसा ठेवायचा, हे त्या हिशोबाने ठरवतात. रात्री घालायला दातांच्या मापाचा नाईट गार्ड देतात. त्याने सवय मोडत नाही, पण दाताला राखण मिळते. तो रोज रात्री घालायचा आणि तपासणीला जात राहायचं. मिश्री लावत असाल तर ती सोडायची. साखरेचा आजार असेल तर साखर आटोक्यात हवी.

कर्ज उचलण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. नाईट गार्ड खर्चात धरला आहे का? कॅप तडकली तर दुरुस्तीला किती लागतील? एकूण किती फेऱ्या होतील? ब्रिज किंवा काढता-घालता येणाऱ्या कवळीने काम भागेल का? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. जमलं तर तिथेही दाखवून घ्या.

आमच्या ताईंचा अर्ज आम्ही फेटाळला नाही. या चार प्रश्नांची उत्तरं आणायला सांगितलं. कर्ज त्या फेडणार आहेत, तेव्हा पूर्ण हिशोब आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे. तुमच्या गटातही असा अर्ज आला, तर हेच करा.