गुण कुणाला येणार?



 स्वागताध्यक्षानं कमी बोलावं आणि जेवणाकडं लक्ष द्यावं, असा शिरस्ता आहे. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाची व्यवस्था चोख असल्यानं थोडं बोलायची मुभा घेतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट माझ्यापर्यंत पोचतो तो मेणाच्या ठोकळ्यातून. रिपोर्ट न्यायला मात्र मुलगा किंवा भाऊ येतो आणि विचारतो, ‘‘डॉक्टर, त्या नव्या इंजेक्शनचा गुण येईल का? येणार असेल तर शेत विकायला काढतो.’’ पूर्वी मी वर बोट दाखवायचो.

हे इंजेक्शन प्रतिकारपेशींना लागलेला ब्रेक सोडवतं. तो सोडवता येतो, हे दाखवणाऱ्या ॲलिसन आणि होन्जो यांना 2018 साली नोबेल मिळालं. पण ब्रेक सुटला तरी पेशींना समोरची गाठ परकी वाटायला हवी ना! डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्या गाठीत बिघडलेली असते, तिथं म्युटेशन्सचा ढीग साचतो आणि गाठ उघडी पडते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या अशा कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधानं 10 पैकी 4 जणांच्या गाठी आकसल्या. दुरुस्ती शाबूत असलेल्या 18 जणांत एकाचीही नाही. अभ्यास छोटाच, पण पुढंही चित्र फारसं पालटलं नाही. 2017 मध्ये अमेरिकेनं याच खुणेवर, कॅन्सर कुठल्या अवयवाचा हे न पाहता, त्या औषधाला मान्यता दिली.

सगळे त्या चौघांबद्दल बोलतात. मला त्या 18 जणांतलं शून्य मोलाचं वाटतं. शेत वाचतं ते त्याच्यामुळं. आणि दुरुस्ती शाबूत आहे का, हे कळायला चार प्रथिनांचं स्टेनिंग पुरतं. फक्त नमुना फॉर्मेलिनमध्ये वेळेवर पडायला हवा, सलाइनच्या बाटलीतून एसटीनं येऊन चालत नाही. (हसू नका, आलेला आहे.)

म्युटेशन्सच्या नुसत्या मोजणीवर औषध ठरवायचं तर मात्र जपून. डीएनएच्या दर मेगाबेसमागं 10 म्युटेशन्स ही रेघ आपण सर्रास वापरतो. पण पेशंटचं रक्त सोबत तपासलं नाही, तर जन्मजात फरकही गाठीच्या खाती पडतात. असे फरक ओळखायच्या जगाच्या डेटाबेसमध्ये आपली भारतीय माणसं थोडी, म्हणून आपल्याकडं हा आकडा जास्तच फुगतो. यावर उद्या सकाळी भांडण व्हावं, अशी माझी इच्छा आहे.

स्लाइड पाहण्यासाठी मायक्रोस्कोप शेजारच्या खोलीत मांडलेत. चहा साडेदहाला. अध्यक्ष महोदय, सूत्रं आपल्या हाती देतो.