ठरावाच्या वहीपाशी

मित्रहो, आणि कालपासून मागच्या रांगांत बसून आम्हा सगळ्यांचं बोलणं शांतपणे ऐकणाऱ्या ग्रामसभांच्या सदस्य भावाबहिणींनो,

या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत ते, उत्तम कारभार करणाऱ्या आदिवासी ग्रामसभा शोधून त्यांचा सन्मान करण्याचं काम माझ्याकडे आहे म्हणून. तेव्हा बोलेन तेही त्या कामाबद्दलच, आणि आमच्या चुकीपासून सुरुवात करेन.

पहिल्या वर्षी आमची समिती शंभर गुणांची तपासणीपत्रिका घेऊन निघाली होती. हजेरीला इतके गुण, हिशोबाला इतके, महिलांच्या सहभागाला इतके. गडचिरोलीतल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एका आजीनं तो कागद नातवाकडून वाचून घेतला आणि विचारलं, "हे गुन तुमी कोनाले इचारून ठरवले जी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "पयले सभेले इचारा. सभा हो म्हनन तं लिवा." दिवस मोहफुलांचे होते, माणसं पहाटेच जंगलात जायची. सभा भरायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आम्ही तिथेच राहिलो, आणि हे काम कसं करायचं ते तिथेच कळू लागलं.

अमेरिकेत हेच काम पंचवीसहून अधिक वर्षं चालू आहे. हार्वर्ड विद्यापीठात 1987 साली एक अभ्यासप्रकल्प उभा राहिला. स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ कॉल्ट या अभ्यासकांपुढचा प्रश्न साधा होता: गरिबी सारखी, कायदा सारखा, तरी काही आदिवासी राष्ट्रं सावरतात आणि काही खचत जातात, असं का? 1934 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं केलेल्या कायद्यानंतर त्यांतल्या अनेकांना जवळपास एकाच साच्यातली राज्यघटना मिळाली होती. एक बलवान अध्यक्ष, त्याच्या हाती सगळी सूत्रं. व्हाइट माउंटन अपाचे लोकांना ती मानवली, कारण बलवान म्होरक्याचा शब्द मानण्याची त्यांची जुनी रीत होती. पाइन रिजच्या लाकोटांना ती मानवली नाही. त्यांच्याकडे सत्ता वाटून घेण्याची, एकमेकांवर लक्ष ठेवण्याची परंपरा होती. साचा एकच; एकीकडे कारभार उभा राहिला, दुसरीकडे कुणाचा विश्वासच बसेना.

या अभ्यासातूनच 1998 साली 'ऑनरिंग नेशन्स' हा सन्मानप्रकल्प सुरू झाला. ओनोंडागा राष्ट्राचे ओरेन लायन्स यांच्यासारखा परंपरेचा जाणता माणूस त्याच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षस्थानी बसला. या प्रकल्पाचे लोक विचारतात: या कामानं स्वशासन बळकट झालं का? ते लोकांच्या रीतीला धरून आहे का? दुसऱ्यांना त्यातून शिकता येईल का? आयडाहो राज्यानं लांडग्यांचं पुनर्वसन हाती घ्यायला नकार दिला, तेव्हा नेझ पर्स राष्ट्रानं ती जबाबदारी उचलली. असल्या कामाचा तिथे गौरव झाला.

लाकोटांची ती गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपली गट ग्रामपंचायत आठवली. चार-पाच गावं एकत्र बांधायची, मध्ये एक सरपंच, एक सचिव, आणि म्हणायचं की हे गावाचं राज्य. पण गोंडांचं गाव म्हणजे तो टोला, त्याचा देव, त्याची शीव, त्याचं एकत्र जमण्याचं घर, गोटुल. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठी केलेल्या 1996च्या पेसा कायद्यानं वाडी-टोल्यालाही गाव मानलं, म्हणून तो कायदा मला मोलाचा वाटतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याच्या नावापुढे कंसात 'लेखा' येतं, कारण गट ग्रामपंचायत लेखाची. पण मेंढ्यानं आपली सभा वेगळी मानली, निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचे ठरवलं, एखाद्याचं मन वळत नसेल तर विषय पुढच्या सभेवर नेला. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगट चालवले. कायदा वाचायचा, त्यावर बोलायचं, मग सभेत जायचं. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू न्यायला परवाना मिळेना. बांबू गौण वनोपज आहे असं 2006चा वनहक्क कायदा स्पष्ट सांगत होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

बांबूच्या पैशाचे आकडे सगळे विचारतात. मला विचाराल तर मोठी गोष्ट ही की परवान्यावर सही करायचा अधिकार आता सभेचा आहे.

उत्कृष्टता कधी नकारातही असते. चंद्रपूरच्या पाचगावनं 2012 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणं थांबवलं. उन्हाळ्यात रोख पैसा देणारं हेच मुख्य वनोपज. पण पानासाठी फांद्या छाटतात, नवी पालवी यावी म्हणून आग लावतात, फळ धरत नाही. सभेनं हे सगळं तोलून पैसा सोडला. आमच्या जुन्या पत्रिकेत या निर्णयाला एकही गुण मिळाला नसता. उत्पन्न घटलं म्हणून उलट गुण कापले गेले असते.

बायकांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. हजेरीच्या वहीत त्यांचे अंगठे आहेत, एवढ्यानं मी समाधान मानत नाही. सभेला न आलेल्या बाईच्या घरी आम्ही जातो, आणि तिला ठराव ठाऊक आहे का ते विचारतो. गडचिरोलीतल्या कोरचीच्या महाग्रामसभेत, म्हणजे अनेक ग्रामसभांच्या संघात, प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया प्रतिनिधी येतात. एकटी बाई पुरुषांत गप्प बसते, दोघी असल्या की एक बोलते आणि दुसरी तिला धीर देते. हे शहाणपण आमच्या समितीला सुचलं नव्हतं. आता आमच्या समितीतही आम्ही तसंच करतो.

सन्मान कुणा एका नेत्याला द्यायचा नाही, सभेला द्यायचा, हे आम्ही दुसऱ्या वर्षापासून ठरवलं. ढालीही बंद केल्या. गावांना हवं असतं ते वेगळंच: पॅनकार्ड, लेखापरीक्षण, ठेकेदाराशी करायचा करार वाचून दाखवणारं माणूस. सन्मानाची रक्कम त्यावर खर्च होते, आणि त्याचा हिशोब सभा आम्हाला देते, तसा आमचा हिशोब आम्ही सभेला देतो.

त्या टोल्यावर तिसऱ्या रात्री सभा भरली. लोक हो म्हणाले, पण एक अट घातली. आजीनं ठरावाची वही उघडून एका पानावर बोट ठेवायला लावलं. दोन वर्षांपूर्वीचा ठराव होता, मोठ्या झाडांबद्दलचा, आणि गावानंच तो मोडला होता. "हेबी लिवा," ती म्हणाली, "नाई तं बाकीचं कोन खरं मानन?" आमच्या पहिल्या अहवालात त्या गावाची नोंद त्या पानापासून सुरू होते. तो अहवाल बाहेरच्या मेजावर ठेवला आहे, आणि ती आजी आज तुमच्यामध्ये, मागून तिसऱ्या रांगेत बसली आहे.