संगणक-भाषा मावळतात, नोंदी टिकल्या पाहिजेत

(पनवेल येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पनवेल हे एके काळचे गजबजलेले बंदर. मुंबईचा माल खाडीतून येथे उतरे व बोरघाटाने देशावर जाई. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली, ती कल्याण-कर्जतमार्गे. माल त्या वाटेने वळला आणि येथील व्यापार ओसरू लागला.

संकेतस्थळे ज्या संगणक-भाषांत लिहिली जातात, त्यांचेही असेच होते. १९९० च्या दशकात या कामी पर्ल भाषेचा मोठा वापर होता. १९९५ मध्ये पीएचपी आली. तिच्या आज्ञा पानाच्या मजकुरातच लिहिता येत. नवशिक्यालाही ती लवकर साधे. साहजिकच नवी कामे तिच्याकडे गेली. नवी माणसे जुनी भाषा शिकेनाशी झाली, की जुन्या कामाची दुरुस्ती करणारेही दुर्मिळ होतात.

कधी ब्राउझरच जुन्या साधनाला प्रवेश नाकारतो. जावा ॲप्लेट व फ्लॅश यांसाठी ब्राउझरला वेगळी जोडणी द्यावी लागे व तीतून सुरक्षिततेचे धोके उद्भवत. शासकीय ई-निविदांमध्ये डिजिटल स्वाक्षरीसाठी जावा ॲप्लेट वापरले जाई. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये ही जोडणी बंद केली. तेव्हा निविदा भरणाऱ्यांना जुना ब्राउझर सांभाळणे किंवा नवी सोय स्वीकारणे भाग पडले. जावा भाषा मात्र सर्व्हरवर आजही कार्यरत आहे. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यात तयार केलेले शैक्षणिक पाठ नव्या ब्राउझरवर उघडेनासे झाले.

म्हणून भाषा कोणती, यापेक्षा नोंद कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. संकेतस्थळाचे काम सोपविताना ग्रामपंचायतीने अथवा शाळेने करारात तीन अटी अवश्य घालाव्यात. सर्व माहितीची मालकी संस्थेची असावी. ती युनिकोड देवनागरीत, कोणत्याही प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात, ठरावीक मुदतीने संस्थेच्या हाती मिळावी. मूळ आज्ञावली संस्थेच्या स्वाधीन करावी व तिच्या देखभालीसाठी दरवर्षी तरतूद असावी.

जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीचा उतारा, विद्यार्थ्याचा दाखला यांची गरज वीस-पंचवीस वर्षांनंतरही पडते. तोवर आजची भाषा प्रचारात असेलच असे नाही. नोंद मात्र मागताक्षणी नागरिकाच्या हाती पडली पाहिजे.