टेक्ससमधील जर्मन नगरी : फ्रेडरिक्सबर्ग

अमेरिकेंतील शहर म्हटलें कीं गगनाला भिडणाऱ्या इमारती आणि त्यांच्या पायथ्याशीं लगबगीनें चाललेली गर्दी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु त्या देशाची घडण कशी झाली हें समजून घ्यावयाचें असेल तर त्याच्या लहान गांवांकडेच वळलें पाहिजे. टेक्सस संस्थानाच्या मध्यभागीं, सॅन अँटोनिओच्या वायव्येस सुमारें ७० मैलांवर, चुनखडीच्या टेकड्यांमध्यें फ्रेडरिक्सबर्ग नांवाचें असेंच एक गांव आहे. २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती अकरा हजारांच्या आंतच भरली. परंतु परक्या भूमींत येऊन वसलेल्या माणसांनीं नव्या भूमीशीं इमान कसें राखावें, आणि त्या इमानाची किंमत कोण देतो, हा प्रश्न या गांवापुढें एकदां नव्हे तर तीन वेळां उभा राहिला.

गांवाचा उगम शोधण्यासाठीं जर्मनींतच जावें लागतें. यंत्रांच्या आगमनानें कारागिरांचे हात रिकामे पडलेले, शेतीचे तुकडे झालेले, अशा काळीं, १८४२ सालीं, ऱ्हाईन नदीच्या कांठीं बीब्रिख येथें २१ सरदारांनीं एक मंडळ स्थापन केलें. टेक्सस तेव्हां स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. तेथें जर्मन लोकांची वसाहत करावी, गरिबांना जमीन मिळावी आणि मंडळालाहि नफा व्हावा, असा दुहेरी हेतु होता. मंडळानें तीस लाख एकरांहून अधिक जमिनीवरील हक्क विकत घेतला. मात्र ती जमीन प्रत्यक्ष पाहण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. ती होती कोमांची या शूर घोडेस्वार जमातीची शिकारीची भूमि.

या दुर्लक्षाची शिक्षा भोगावी लागली ती गरीब प्रवाशांना. हजारों माणसें जहाजांतून टेक्ससच्या किनाऱ्यावर उतरलीं. तेथें ना निवारा, ना पुरेसें अन्न. १८४५-४६ च्या हिवाळ्यांत पावसानें कहर केला. पुढें मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें आणि गाड्या व बैल लष्कराच्या कामीं गेले. किनाऱ्यावर आणि वाटेवर रोगराईनें शेंकडों माणसें दगावलीं.

अशा वेळीं मंडळाचा कारभार ज्यांच्या हातीं आला ते गृहस्थ म्हणजे बॅरन ओटफ्रीड हान्स फॉन मॉयझेबाख. टेक्ससमध्यें पाऊल ठेवल्यावर त्यांनीं आपली सरदारकी टाकून दिली आणि साधें जॉन मॉयझेबाख हें नांव धारण केलें. आधींच वसलेल्या न्यू ब्राउनफेल्स या गांवाहून निघालेला सुमारें १२० माणसांचा पहिला तांडा १६ दिवसांच्या प्रवासानंतर ८ मे १८४६ रोजीं नव्या जागीं पोंचला. प्रत्येक कुटुंबाला गांवांत घराची एक जागा व बाहेर १० एकर शेत मिळालें. मंडळाचे एक सभासद, प्रशियाचे राजपुत्र फ्रीडरिख, यांच्या नांवावरून गांवाला फ्रेडरिक्सबर्ग हें नांव पडलें.

गांव वसलें, पण तें टिकावयाचें कसें? उत्तरेकडे कोमांचींचा मुलूख पसरलेला. १८४७ च्या आरंभीं मॉयझेबाख मोजक्या सोबत्यांनिशीं थेट त्या मुलुखांत शिरले. त्यांना परत फिरवावें, तें न साधल्यास निदान साह्य तरी करावें, म्हणून गव्हर्नरांनीं मेजर नेबर्स यांस मागून पाठविलें. कोमांचींची गांठ पडतांच मॉयझेबाख यांनीं आपल्या माणसांच्या बंदुका हवेंत झाडून रिकाम्या करविल्या, अशी हकीकत सांगतात. भरलेली बंदूक घेऊन मैत्री मागतां येत नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें. त्यांच्या तांबूस दाढीवरून कोमांचींनीं त्यांना ‘तांबडा सूर्य’ असें नांव दिलें. सॅन साबा नदीच्या कांठीं वाटाघाटी झाल्या. वसाहतवाल्यांनीं कोमांचींच्या मुलुखांत निर्भयपणें यावें व जमिनीची मोजणी करावी, कोमांचींनीं गांवांत मोकळेपणानें यावें, वाद उपस्थित झाल्यास तो समेटानें मिटवावा आणि जर्मनांनीं ३,००० डॉलर किंमतीच्या भेटवस्तू द्याव्या, असें ठरलें. ९ मे १८४७ रोजीं, म्हणजे गांवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशीं, फ्रेडरिक्सबर्ग येथें या तहावर सह्या झाल्या.

अमेरिकेंतील गोऱ्या लोकांनीं मूळ रहिवाशांशीं केलेल्या असंख्य तहांपैकीं जे थोडे मोडले गेले नाहींत, त्यांत या तहाची गणना होते. ही गोष्ट गांवकरी आजहि अभिमानानें सांगतात, आणि ती खरी आहे. तथापि तिची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जर्मनांनीं तह मोडला नाहीं, पण त्यानें कोमांचींची भूमिहि वांचली नाहीं. १८४९ च्या पटकीनें त्यांच्यांतील कितीतरी माणसें मेलीं. तहांत भाग घेणारे सांता आना हे नायकहि त्यांतच गेले. पुढें उरलेल्या लोकांना एका राखीव प्रदेशांत कोंडण्यांत आलें आणि १८५९ सालीं टेक्ससमधूनच हद्दपार करण्यांत आलें. त्यांना सुखरूप पोंचवून परतलेल्या मेजर नेबर्स यांचा, मूळ रहिवाशांची बाजू घेतल्याच्या रागानें, एका गोऱ्यानेंच खून केला. इमानाच्या पहिल्या कसोटीस फ्रेडरिक्सबर्ग उतरलें खरें, परंतु किंमत दुसऱ्यांनीं दिली.

गांवाची रचना पाहिली म्हणजे तें वसविणाऱ्यांचा स्वभाव कळतो. मधोमध एक लांब व अतिशय रुंद हमरस्ता. त्या रस्त्याच्या मध्यावर १८४७ सालीं एक अष्टकोनी इमारत उभी राहिली. तिचें नांव फेराइन्स कीर्खे, म्हणजे मंडळाचें प्रार्थनामंदिर. परंतु तें एका पंथाचें नव्हतें. निरनिराळ्या पंथांचे लोक एकाच छपराखालीं पाळीपाळीनें प्रार्थना करीत, तेथेंच शाळा भरे आणि तेथेंच गांवकीच्या सभा होत. तिच्या आकारावरून लोक तिला थट्टेनें ‘कॉफीची चक्की’ म्हणत. १८९७ सालीं ती पाडण्यांत आली. पुढें चुकचुकल्यासारखें होऊन गांवानें १९३५ च्या सुमारास तशीच इमारत पुन्हां बांधली आणि तींत आतां संग्रहालय आहे.

‘रविवारची घरें’ हें या गांवाचें दुसरें वैशिष्ट्य. शेतें आणि गुरांचे वाडे दूर दूर पसरलेले, रोज गांवांत येणें अशक्य. म्हणून अनेक शेतकऱ्यांनीं गांवांत एकदोन खोल्यांचें चिमुकलें घर बांधून ठेविलें. शनिवारीं बैलगाडी वा घोडागाडी घेऊन यावें, बाजारहाट करावा, रात्रीं त्या घरांत मुक्काम करावा आणि रविवारची प्रार्थना आटोपून परत जावें, असा क्रम असे. माळ्यावर जाण्याचा जिना बहुधा घराच्या बाहेरून असे आणि मुलें तेथें निजत. मोटारगाड्या आल्या आणि या घरांचें काम संपलें. पण त्यांतलीं बरींच घरें अजून उभीं आहेत.

इमानाची दुसरी कसोटी १८६१ सालीं आली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील संस्थानें संघराज्यांतून फुटून निघालीं आणि टेक्ससनेंहि तोच मार्ग धरला. फ्रेडरिक्सबर्ग ज्या गिलेस्पी जिल्ह्यांत आहे तेथें मात्र शेंकडा ९५ हून अधिक मतें फुटण्याच्या विरुद्ध पडलीं. या शेतकऱ्यांपाशीं गुलाम जवळजवळ नव्हतेच. कित्येकांना ती प्रथाच निंद्य वाटे. शिवाय ज्या संघराज्याशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली तें पंधरा वर्षांत मोडावें, हें त्यांच्या मनाला पटेना. जिल्ह्यावर लष्करी कायदा लादला गेला. १८६२ सालीं या टापूंतील साठांवर जर्मन तरुण मेक्सिकोकडे निघाले. १० ऑगस्टच्या पहांटे न्यूएसेस नदीच्या कांठीं दक्षिणेच्या सैनिकांनीं त्यांना गांठलें. चकमकींत १९ जण पडले आणि जखमी होऊन हातीं लागलेल्या ९ जणांना मागाहून गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांचीं प्रेतें युद्ध संपेपर्यंत उघड्यावर राहिलीं. १८६५ सालीं त्यांच्या अस्थि गोळा करून दक्षिणेकडील कंफर्ट या गांवीं पुरण्यांत आल्या आणि दुसऱ्या वर्षीं तेथें एक साधा स्तंभ उभारला गेला. त्यावर ‘संघराज्याशीं निष्ठा’ या अर्थाचे शब्द कोरले आहेत, आणि ते जर्मन भाषेंत आहेत.

सारें गांव एका बाजूला होतें असें मात्र नाहीं. हमरस्त्यावरील हॉटेलाचे मालक चार्ल्स निमिट्झ हे दक्षिणेच्या बाजूनें सैन्यभरतीचे अधिकारी होते. ब्रेमेन येथें जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणीं व्यापारी गलबतांवर काम केलेले. समुद्रापासून इतक्या दूर राहूनहि त्यांनीं पुढें आपल्या हॉटेलाच्या दर्शनी भागाला आगबोटीचा आकार दिला. या आगबोटीच्या सावलींत त्यांचा नातू लहानाचा मोठा होऊं लागला. १८८५ सालीं जन्मलेल्या या मुलाचे वडील त्याच्या जन्मापूर्वींच वारले होते आणि आजोबांनीं सांगितलेल्या समुद्राच्या गोष्टी हेंच त्याचें पहिलें शिक्षण. हा मुलगा म्हणजे ॲडमिरल चेस्टर निमिट्झ. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील अमेरिकन आरमाराचें आधिपत्य त्यांच्याकडे होतें आणि २ सप्टेंबर १९४५ रोजीं जपानच्या शरणागतीच्या पत्रावर अमेरिकेच्या वतीनें त्यांनींच सही केली. भारतीय श्रोत्यांना आणखी एका कारणानें हें नांव परिचित असावें. १९४९ सालीं काश्मीरमधील नियोजित सार्वमताचे प्रशासक म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानें त्यांचीच निवड केली होती. तें सार्वमत झालें नाहीं आणि तें काम प्रत्यक्ष करण्याची वेळहि आली नाहीं.

तिसरी कसोटी अशी कीं तींत रक्त सांडलें नाहीं, पण हानि मोठी झाली. सत्तर वर्षें या गांवांत शाळा, प्रार्थना, वर्तमानपत्र, बाजार, सारें जर्मन भाषेंत चाले. पहिलें महायुद्ध पेटलें आणि अमेरिकेंत जर्मन बोलणारा मनुष्य संशयाचा विषय झाला. १९१८ सालीं टेक्ससनें कायदा करून सरकारी शाळांतील शिक्षण केवळ इंग्रजींतून दिलें पाहिजे असें ठरविलें. दुसऱ्या महायुद्धानें उरलेलें काम केलें. आईबाप एकमेकांशीं जर्मन बोलत, पण मुलांशीं इंग्रजी बोलूं लागले. मुलांना कोणी परकें म्हणूं नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्या घराण्यांनीं देशाला सेनापति दिला, त्यांनाहि आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठीं आजीची भाषा खालीं ठेवावी लागली.

ही भाषा जर्मनींतील जर्मनहून निराळी झाली होती. गांवोगांवच्या बोली तींत मिसळल्या होत्या आणि नव्या वस्तूंना तिनें आपलीं नांवें दिलीं होतीं. विमान जन्माला येण्यापूर्वींच हे लोक मायदेशाहून निघालेले. विमान दिसूं लागल्यावर त्यांनीं त्याला ‘हवेंतलें जहाज’ म्हटलें. जर्मनींत न आढळणाऱ्या, दुर्गंधी फवारणाऱ्या स्कंक या प्राण्याला ‘घाण मांजर’ हें नांव मिळालें. २००१ सालीं टेक्सस विद्यापीठांतील प्राध्यापक हान्स बोआस यांनीं या बोलीच्या वृद्ध भाषकांचें बोलणें ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. मुलांना ती शिकविली जात नसल्यामुळें या वृद्धांबरोबरच ती संपेल असें अभ्यासक मानतात.

आज फ्रेडरिक्सबर्गची समृद्धि पीच फळांच्या बागा, द्राक्षांचे मळे आणि पाहुण्यांच्या वर्दळीवर चालते. हमरस्त्याला मिळणाऱ्या पूर्वेकडील रस्त्यांचीं आद्याक्षरें ओळीनें वाचलीं तर ‘सर्वांचें स्वागत’ या अर्थाचे शब्द होतात आणि पश्चिमेकडील रस्त्यांचीं वाचलीं तर ‘पुन्हां या’ असें होतें. निमिट्झ यांच्या हॉटेलांत आतां पॅसिफिक युद्धाचें संग्रहालय आहे आणि त्याच्या मागें १९७६ सालीं जपाननें भेट दिलेली शांततेची बाग आहे. पाहुणे बाग पाहतात, अष्टकोनी इमारत पाहतात, जर्मन पक्वान्नें चाखतात. पण हे स्वागताचे शब्द इंग्रजी आहेत. ते ज्यांच्या पणजोबांनीं जर्मन भाषेंत उच्चारले असते, त्यांच्यापैकीं ती भाषा घरांत बोलणारीं माणसें आतां थोडीच उरलीं आहेत, आणि तीं सारीं वृद्ध आहेत.