उभ्या गाडीवरचा बर्फ

बर्फातला रस्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घसरणारी गाडी येते. ती भीती खरीच आहे. पण आज मला बोलायचंय ते उभ्या गाडीबद्दल.

पाकिस्तानातलं मरी हे इस्लामाबादच्या लोकांचं जवळचं थंड हवेचं ठिकाण, उंची सुमारे साडेसात हजार फूट. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ बघायला तिथे गाड्यांची रीघ लागली होती. ७ तारखेच्या रात्री हिमवादळ झालं, झाडं रस्त्यावर आडवी पडली आणि रांग होती तिथेच अडकली. कमीत कमी बावीस माणसं गाड्यांमध्येच गेली. त्यांत दहा मुलं होती.

ती नुसत्या थंडीनं गेली नाहीत. काचा बंद, इंजिन चालू, हीटर चालू. बाहेर बर्फ साचत साचत सायलेन्सरचं तोंड बुजवतो आणि धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते. मूल दमून झोपलंय असंच आईवडिलांना वाटावं, अशी ती गुंगी. मला या सगळ्यात हेच सर्वांत भयंकर वाटतं.

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आय-९५ हा महामार्ग साठेक किलोमीटर तुंबला होता. आधी पाऊस पडत होता, त्यामुळे बर्फ रस्त्याला धरू नये म्हणून मिठाचं पाणी फवारून ठेवता आलं नाही. मागोमाग जोराचा बर्फ आला आणि ट्रक आडवे झाले. सिनेटर टिम केन सत्तावीस तास अडकले होते. एका बेकरीच्या ट्रकमधले पाव लोकांना वाटले गेले. तिथे जीव वाचले, हे नशीबच.

अशा वेळी बर्फ हटवणारं यंत्र का पोचत नाही? कारण त्याच्या वाटेवर आपणच उभे असतो. म्हणून रस्ता मोकळा असतानाच बंद करायला हवा, हंगामाच्या धंद्यावर पाणी पडलं तरी. नाताळात आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मनालीला जातात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. पोलिसांनी सोलंगच्या वाटेवर नेहरू कुंडापाशी गाडी अडवली, तर कृपा करून हुज्जत घालू नका.

आणि अडकलातच, तर गाडी सोडून चालत सुटू नका. इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवा. फावडं नसलं तर ताटानं उकरा, पण आधी सायलेन्सर मोकळा करा, मगच किल्ली फिरवा.