चूक कळवण्याचे अर्थशास्त्र

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



काही वर्षांपूर्वी सांख्यिकी विश्लेषणाची एक मुक्त स्रोत आज्ञावली वापरताना तिच्या माहितीपुस्तिकेतील एक विधान चुकीचे असल्याचे माझ्या ध्यानात आले. रिकाम्या नोंदी आपोआप वगळल्या जातात, असे पुस्तिका सांगत होती. प्रत्यक्षात त्या शून्य धरल्या जात होत्या. मी माझ्यापुरता मार्ग काढला आणि स्वस्थ बसलो. पुढील वर्षी माझ्याच एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातील सरासरी उत्पन्नाचे सर्व तक्ते त्या एका ओळीमुळे चुकले. तिचे दोन महिने वाया गेले. त्या नुकसानीत माझ्या मौनाचाही वाटा होता.

मी चूक का कळवली नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. मुक्त आज्ञावलीची माहितीपुस्तिका ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने वाचल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. चूक कळवण्याचे श्रम मात्र एकट्याला पडतात आणि लाभ हजारोंत विभागला जातो. अशा स्थितीत मोठा समूह आपणहून कृती करीत नाही, हे मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले. प्रत्येकजण दुसरा कळवील असे गृहीत धरतो आणि चूक तशीच राहते.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, कळवणाऱ्याचा सन्मान. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचे पारितोषिक देत आले आहेत. अनेकांनी तो धनादेश न वटवता चौकटीत लावून ठेवला. २००८ पासून नुथ यांनी खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देणे सुरू केले. तरीही चुका कळवणे थांबले नाही. येथे मोल पैशाला नसून मान्यतेला आहे.

दुसरा उपाय म्हणजे कळवण्याचा खर्च कमी करणे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दोष न लपवण्याची हमी दिली. तेथे प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो, ती सर्वांना पाहता येते आणि आज्ञावलीतील दोषांप्रमाणेच पुस्तिकेतील दोषही नोंदवता येतात. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारित आहे. त्यामुळे मूळ ठिकाणी झालेली दुरुस्ती आपल्यापर्यंतही पोहोचू शकते.

तथापि, ‘पुस्तिका चुकीची आहे’ एवढेच लिहिणे निरुपयोगी ठरते, कारण मग शोधण्याचा सारा भार दुरुस्ती करणाऱ्या स्वयंसेवकावर पडतो. ही चूक आधी कोणी नोंदवली आहे काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर आज्ञावलीची आवृत्ती, पुस्तिकेतील प्रकरण, चुकीचे वाक्य जसेच्या तसे, प्रत्यक्षात आलेला अनुभव आणि शक्य असल्यास सुचवलेले शुद्ध वाक्य, एवढे द्यावे. भाषा सौम्य असावी. समोरची व्यक्ती बहुधा विनावेतन काम करीत असते.

सामायिक साधनसंपत्ती वापरकर्त्यांनीच घालून घेतलेल्या नियमांनी टिकू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी अभ्यासलेली कुरणे, जंगले आणि पाटाचे पाणी यांच्या पंक्तीत आज ज्ञानही आहे. आपल्याला अडखळवणारा दगड मागून येणाऱ्यासाठी बाजूस सारणे, हा त्या सामायिक वाटेचा पहिला नियम आहे. मी तो एकदा मोडला. आपण मोडू नये, एवढीच अपेक्षा.